येणे कसे सोडावे: ख्रिस्ती वाटेवर नव्याने चालणाऱ्यांसाठी

मे महिना, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची घाई. सुक्या मासळीच्या रांगेच्या तोंडाशी ती मला दिसली. हातात कांद्यांची माळ होती, भाव चालला होता. तिनेही मला पाहिले. माळ जिथून उचलली तिथे परत ठेवली, छत्री उघडून तोंडासमोर आडवी धरली आणि मडक्यांच्या बाजूने निघून गेली. तिच्याकडे माझे ३५,००० रुपये येणे होते. शिलाई मशीन घेण्यासाठी दिले होते, मग टाळेबंदी आली, शिवणकाम बंद पडले आणि हप्ते थांबले.

त्या दिवशी कांदे न घेता ती घरी गेली, आणि माझ्यामुळे गेली, हे मला फार लागले.

माझे माहेर वसईचे, सासर गोव्यातल्या बार्देशातले. प्रार्थना मराठीत शिकले, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आता कोंकणीत ऐकते. क्षमेवरची प्रवचने दोन्ही भाषांत भरपूर ऐकली. पण क्षमा नेमकी कशी करायची, आधी कोणाला विचारायचे, काय बोलायचे, कागदाचे काय करायचे, हे मला चुकतमाकत शिकावे लागले. नोकरीधंद्यासाठी महाराष्ट्रातून गोव्यात येऊन इथल्या फिर्गजेत, म्हणजे चर्चच्या धर्मग्रामात, रुजणारे, नुकताच बाप्तिस्मा घेतलेले, किंवा जन्माने ख्रिस्ती असून आता कुठे मनापासून सुरुवात करणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

प्रार्थनेतला शब्द नीट ऐका

प्रभूची प्रार्थना आपल्याला इतकी तोंडपाठ असते की तिच्यातला पैशाचा शब्द कानावर येतच नाही. मिस्सेत आपण अपराधांची क्षमा मागतो. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय मराठी पवित्र शास्त्रात उघडून बघा. तिथे ‘ऋण’ आहे. आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडले, तसे तू आमचे सोड. मूळ ग्रीक शब्दही देण्याचाच आहे, आणि येशू जी अरामी भाषा बोलत असे तिच्यात पाप आणि कर्ज यांना एकच शब्द होता. कोंकणीत आपण क्षमेला ‘भोगस’ म्हणतो तेव्हा हा पैशाचा कंगोरा ऐकू येत नाही, म्हणून मराठी वाचता येणाऱ्यांनी ते वचन एकदा तरी मराठीतून मोठ्याने वाचावे. मी वाचले तेव्हा आमच्या कपाटातली उधारीची वही डोळ्यांपुढे आली.

पहिली गोष्ट, आकडा लिहा

‘जाऊ दे, किती का असेना’ असे म्हणून येणे सुटत नाही. ते मनाच्या तळाशी जाऊन बसते आणि बाजारात माणूस दिसला की वर येते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला राजा क्षमा करतो, पण दाखल्याची सुरुवात हिशेबापासून होते. दासाकडे किती येणे आहे ते आधी मांडले जाते: 10,000 तालांत. मग सोडले जाते.

हा आकडा एकदा कागदावर सोडवून बघा, दाखला वेगळाच दिसू लागतो. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. म्हणजे त्या दासाचे देणे झाले ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस राबला तरी २ लाख वर्षे. आणि तोच दास बाहेर पडून ज्याचा गळा धरतो, त्या सोबत्याकडे १०० दीनार असतात. आज रोजंदारी ८०० रुपये धरली तर राजाचे येणे ४,८०० कोटी आणि सोबत्याचे ८०,००० रुपये.

८०,००० रुपये ही काही किरकोळ रक्कम नाही, आणि मला इथेच धीर आला. तुझे बुडाले ते क्षुल्लक आहे, असे येशू म्हणत नाही. चार महिन्यांचा घाम आहे तो. फक्त तो दुसऱ्या आकड्याच्या शेजारी ठेवून बघ, एवढेच सांगतो.

तर एक कागद घ्या. नाव, रक्कम, कधी दिली, कशासाठी दिली, किती परत आली. व्याज ठरले असेल तर तेही वेगळे लिहा. माझ्या कागदावर ५०,००० दिलेले, १५,००० आलेले आणि ३५,००० बाकी होते. तोवर मी मनात ‘माझे पन्नास हजार’ म्हणत होते. तिने फेडलेले हप्ते मी रागात विसरूनच गेले होते.

त्याच कागदाच्या मागे आपले देणे लिहा

ही पायरी लोक गाळतात. पोदेराचे महिन्याचे पाव, पसरकाराच्या दुकानातल्या वहीतली उधारी, घरकाम करणाऱ्या बाईचा राहिलेला पगार, नारळ पाडणाऱ्याची मजुरी. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे राहू देऊ नये, असे बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. दुर्जन उसने घेतो आणि परत करत नाही, असे ३७वे स्तोत्र सांगते. प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की प्रीतीखेरीज कोणाचे काही देणे ठेवू नका.

ज्याचा पगार थकवला आहे त्याच्या जिवावर दुसऱ्याचे येणे सोडणे हा दानधर्म नाही. आधी ते चुकते करा. माझ्या कागदामागे ४,२०० रुपये निघाले. त्यात एका भाचीकडून ‘पुढच्या आठवड्यात देते’ म्हणून घेतलेले दोन हजार होते, त्याला वर्ष उलटले होते. तिने कधी मागितले नाहीत. तीही बहुधा माझ्यासारखीच मनात धरून बसली असेल. ते पैसे देताना आपण दुसऱ्या बाजूला उभे असलो की कसे वाटते, तेही कळले.

पैसे खरोखर आपले आहेत का?

भिशीचे, महिला मंडळाचे, फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या वर्गणीचे, भावंडांच्या समाईक खात्यातले पैसे उसने दिले असतील तर ते सोडण्याचा अधिकार आपल्या एकट्याला नाही. तिथे सगळ्यांना विचारा, किंवा आधी ती रक्कम आपल्या खिशातून भरा आणि मग सोडा.

नवरा-बायकोची गोष्ट गोव्यात जास्तच ठळक आहे. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या इथल्या कौटुंबिक कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता समाईक धरली जाते. बाहेरून आलेल्यांना हा कायदा लागू असो वा नसो, संसारात न्याय तोच. मी आमच्या घरात विषय काढला तेव्हा नवऱ्याने शांतपणे जेवण संपवले आणि म्हणाला, “अर्धे तुझे. तुझे तू सोड. माझे साडेसतरा हजार राहू देत.”

मला राग आला, पण त्याचे बरोबर होते. दर महिन्याला त्याच्या पगारातून बाजूला काढलेले पैसे होते ते. मी भांडले नाही, प्रवचनही दिले नाही. चाळिसाचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे दिवस होते. आम्ही संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत असू, रोज प्रभूच्या प्रार्थनेतल्या त्या क्षमेच्या ओळीशी येऊन दोघेही जरा अडखळत असू. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी, पाय धुण्याच्या विधीनंतर चर्चमधून परत येताना तो स्कूटर सुरू करता करता म्हणाला, “माझेही लिही.” बस्स, एवढेच.

तुमच्या घरी ते होणार नाही कदाचित. मग आपला वाटा सोडा, आणि जोडीदाराच्या वाट्यासाठी सवड मागा. त्याच्या डोक्यावर धर्माचे ओझे ठेवून सही घेऊ नका. आनंदाने देणारा देवाला आवडतो, कुरकुरत किंवा भाग पडते म्हणून देणारा नाही, हे पौलाने करिंथकरांना दुसऱ्या पत्रात लिहिले आहे.

देता येत नाही, की द्यायचे नाही?

दाखल्यातला दास राजाकडे माफी मागतच नाही. तो फक्त सवड मागतो. म्हणजे सवड हीसुद्धा दया आहे, आणि पुष्कळदा तीच हवी असते. पूर्ण सोडणे, अर्धे सोडणे, व्याज सोडून मुद्दल घेणे, वर्षभर थांबणे, हप्ता लहान करणे, यांतले काय त्या घराला उठून उभे करील ते बघा. व्याजाबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. गरजूला दिलेल्या पैशावर व्याज लावू नये असे बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात आहे. यहूदाचा सुभेदार असलेल्या नहेम्याने यरुशलेमेतल्या श्रीमंतांना भर सभेत उभे करून शेते, द्राक्षमळे, घरे आणि व्याज परत करायला लावले होते. शेजाऱ्याच्या अडचणीवर तुम्ही व्याज घेत असाल तर बाकी कशाच्याही आधी ते थांबवा.

आता अवघड भाग. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर पैसे घालवून आलेला माणूस, दारूसाठी चौथ्यांदा मागणारा भाऊ, चार घरांना सारखीच थाप मारून पैसे उचललेला एजंट. इथे येणे सोडले म्हणून पुढचे पैसे द्यायचे असे अजिबात नाही. भावाला रोख देण्याऐवजी त्याच्या मुलांची फी परस्पर शाळेत भरा. फसवणूक झाली असेल तर पोलिसांत तक्रार करा. ती केल्याने क्षमा खोटी ठरत नाही, कारण तुमच्यानंतरच्या माणसाचे पैसे वाचवणे हेही प्रेमच आहे. मनातला सूड सोडायचा, दार उघडे टाकून झोपायचे नाही. मन ठरत नसेल तर कुमसाराच्या, म्हणजे पापकबुलीच्या वेळी फादरांना विचारा, किंवा फिर्गजेतल्या एखाद्या जाणत्या बाईला, नाव न घेता.

आणि एक. उसनवारीचा दावा साधारणपणे ३ वर्षांत लावावा लागतो, पुढे तो मुदतबाह्य होतो. ‘तीन वर्षे झाली, आता कोर्टात काही होणार नाही, म्हणून सोडले’ असे काही जण सांगतात. तो हिशेब कायद्याने मिटवलेला असतो. मनाने सोडायचे अजून बाकीच असते.

सांगायला कसे जावे

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात एक बारीक नियम आहे, मला तो फार आवडतो. कर्जासाठी गहाण घ्यायला गेलात तर ऋणकोच्या घरात शिरू नका. बाहेर उभे राहा, तो स्वतः वस्तू बाहेर आणून देईल. देणेकऱ्याचा उंबरठा त्याचा असतो. त्याच अध्यायात जाते गहाण घेऊ नका असे म्हटले आहे, कारण जाते नेणे म्हणजे घरचे दळण, म्हणजे जीवच गहाण नेणे. शिलाई मशीनही तसेच. ‘मशीन विकून पैसे दे’ हे शब्द एकदा माझ्या तोंडापर्यंत आले होते. मशीन गेले असते तर तिचे हप्तेच काय, चूलही बंद झाली असती.

मी दुपारी गेले, जेवणानंतर, मुले शाळेत असताना, एकटी. पायरीखाली तुळशीइतक्या उंचीचा त्यांचा छोटा खुरीस, म्हणजे क्रूस आहे, तिथे उभी राहिले आणि हाक मारली. ती बाहेर आली आणि मी काही बोलायच्या आत सुरू झाली, या महिन्यात दोन हजार जमतील, फेस्ताचे फ्रॉक आलेत... मी तिला थांबवले. आधी घरून पाठ करून गेलेली वाक्ये सगळी विसरले. एवढेच म्हणाले, “आतां तुजेर म्हजें रीण ना.”

ती रडेल असे मला वाटले होते. ती रागावली. “हांव भिकारीण न्हय,” म्हणाली.

हे तुमच्याही बाबतीत होऊ शकते, म्हणून सांगते. माफी स्वीकारणे हे देण्याइतकेच जड आहे, आणि समोरच्याने लगेच कृतज्ञ व्हावे ही अपेक्षा म्हणजे नवे व्याज. मी तिला सांगितले, तुला द्यावेसे वाटले तर जमेल तेव्हा दे, मी घेईन, पण आता मी मागणार नाही, आणि बाजारात मला बघून वाट बदलू नकोस. ती आत गेली. मी घरी आले. आपले काही चुकले का या विचारात ती रात्र गेली.

काही गोष्टी टाळा. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात हा विषय नको, चार कान असतात. व्हॉट्सॅपवर तर मुळीच नको. त्यांच्या घरच्या मयताच्या किंवा लग्नाच्या दिवशी नको. बायबलची वचने सांगू नका, ती तुमच्यासाठी होती. आणि ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ असे बदल्यात मागू नका.

कागद परत करा

तोंडी सोडले आणि वचनचिठ्ठी कपाटात राहिली तर पुढे तुमची मुले ती शोधून काढतील. चिठ्ठी, सही केलेला कोरा धनादेश, गहाण ठेवलेली बांगडी, जे असेल ते त्याच दिवशी परत द्या. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळायच्या आत परत करा, कारण रात्री त्याने काय पांघरायचे, असे निर्गम विचारतो. आपल्या वहीत त्या नावासमोर ‘येणे नाही’ लिहा, तारीख घाला, जोडीदाराची सही घ्या. रक्कम मोठी असेल आणि लेखी करार झालेला असेल तर दोघांच्या सह्यांचा एक साधा कागद करून एक प्रत त्यांना द्या. कलस्सैकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो, आपल्याविरुद्धचा ऋणलेख ख्रिस्ताने खोडला आणि वधस्तंभाला खिळून टाकला. तेही एक कागद रद्द करणेच आहे. मी वहीचे ते पान फाडले नाही, त्यावर आडवी रेघ ओढली आणि शेजारी लहानसा क्रूस काढला.

नंतरचे दिवस

कोणाला सांगू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे सोपे वाटते, पण पहिल्याच आठवड्यात जिभेवर येते. मी जावेला सांगून टाकले होते, आणि त्याची लाज वाटते. इथे नाव-गाव बदलूनच लिहिते आहे.

आणि राग परत येतो. सहा महिन्यांनी आमच्या घराचे कौल फुटले, पैशांची ओढ झाली, तेव्हा ते ३५,००० मला रोज आठवले. किती वेळा क्षमा करायची, असे पेत्राने विचारले तेव्हा सत्तर वेळा सात हे उत्तर येशूने त्याला दिले. ते वेगवेगळ्या अपराधांसाठी असेल, पण मला वाटते एकच येणेही तितक्या वेळा सोडावे लागते. आठवले की पुन्हा एकदा ‘येणे नाही’ म्हणा आणि हातातल्या कामाला लागा.

पुन्हा देता यावे म्हणून

अनुवादाचा १५वा अध्याय दर सातव्या वर्षी कर्जे सोडायला सांगतो, आणि लगेच बजावतो की सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरीब भावाला उसने देणे नाकारू नकोस. माणसाचा स्वभाव किती ओळखला आहे! एकदा हात पोळला की आपण मूठ आवळतो. लेवीयच्या २५व्या अध्यायातले पन्नासावे, योबेल वर्ष, ज्यात विकलेली जमीन मूळ घराकडे परत जाई, याच धाग्यातले. कॅथोलिक चर्चने २०२५ हे योबेल वर्ष म्हणून पाळले तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी श्रीमंत देशांना गरीब देशांची कर्जे सोडायला सांगितले ते तिथूनच.

मूठ उघडी राहावी म्हणून आमच्या घरात ठरलेल्या काही सवयी सांगते. महिन्याच्या पहिल्या दिवशी ठरावीक रक्कम डब्यात वेगळी काढायची. किती, हे आपल्या ऐपतीवर. काही मंडळ्यांत दशांश शिकवतात, कॅथोलिकांना तसा ठरीव हिस्सा नाही. दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेकडे येशूने शिष्यांचे लक्ष वेधले, तेव्हा कमी आहे म्हणून थांबू नका. कोणी मागायला आले तर त्या डब्यापुरतेच बोलायचे, आणि उसने देतानाच मनात ‘हे परत आले नाही तरी चालेल’ एवढे असेल तितकेच द्यायचे. लूकच्या सहाव्या अध्यायात परत मिळण्याची आशा न धरता उसने द्या असे आहे, त्याची ही रोजची उजळणी. याहून मोठी रक्कम असेल तर ती बँकेतून द्या. २०,००० किंवा अधिक रोख उसने घेणे आयकर कायद्यात बसत नाही, आणि घेणाऱ्यालाच दंड होतो. जामीन राहायचे असेल तर दहादा विचार करा, बायबलमधली नीतिसूत्रे त्याबाबत फार कडक आहेत.

कोणाला द्यावे हे सुचत नसेल तर आपल्या फिर्गजेत सेंट विन्सेंट द पॉल सोसायटीचे लोक आहेत का ते बघा. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली. तिचे सभासद गरजूंच्या घरी स्वतः जाऊन भेटतात. त्यांच्याबरोबर एकदा जा. गरिबी चर्चच्या पेटीत नाणे टाकताना दिसते त्याहून वेगळी दिसते, स्वयंपाकघरातून.

गोव्यात आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात. देव भले करो. तुम्ही नव्याने आला असाल तर हे शब्द लवकर शिका, आणि कोणी तुम्हाला म्हटले तर ‘मी काय केले’ असे सांगत बसू नका. देणे देवाच्या नावे जमा झाले, तिथेच राहू द्या.

त्या वर्षी नाताळात मी नेहमीप्रमाणे शेजारपाजारी कोंसवाद, म्हणजे नाताळच्या गोड फराळाची बशी पाठवली. या खेपेला एक बशी तिच्याकडेही, नेवऱ्या, दोदोल, बेबिंकेचा एक तुकडा, वर क्रोशाचा रुमाल. घेऊन गेला माझा मुलगा. दोन दिवस बशी परत आली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती स्वतः आली, पायरीखाली उभी राहिली, वर आली नाही. बशीत तिच्या घरच्या कुळकुळांचा लहानसा ढीग होता. माझा रुमाल तिने धुऊन, इस्त्री करून आणला होता, आणि त्याची एक कड उसवलेली होती ती शिवून.